मदत हवी आहे: तळ्यातले मासे रोज पहाटे वर येऊन तोंड उघडमीट करतात

नमस्कार मंडळी,

गेले आठ दिवस पहाटे पाचला उठून बागेतल्या तळ्यापाशी जाऊन बसते आहे. सगळे मासे वर आलेले असतात, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत. दोन मोठे कोई (रंगीत कार्प मासे) कडेला एका जागी नुसते तरंगत असतात. नऊ वाजता ऊन वर आलं की सगळे पुन्हा नेहमीसारखे पोहतात, खायला मागतात. परवा एक गोल्डफिश गेला, तेव्हापासून जिवाला चैन नाही.

तळं जमिनीत खोदून लायनर (पाणी न झिरपणारं अस्तर) टाकलेलं, ३ मीटर लांब, २ मीटर रुंद. मधोमध १ मीटर खोल, कडा उथळ, म्हणजे अंदाजे ४,५०० लिटर. त्यात ६ कोई आणि आता १३ गोल्डफिश. पाणी हिरवं आहे, कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग वॉटर लिलीच्या पानांनी झाकला आहे. फिल्टरचा पंप ताशी २,००० लिटरचा, कारंजंही त्यावरच. आवाजाने आईची झोपमोड होते म्हणून रात्री दहा ते सकाळी सात तो बंद ठेवते.

ऑक्सिजन मी किटवर तपासला, संध्याकाळी सहाला १० मिलिग्रॅम प्रति लिटर आला. म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे ना? मग कल्ल्यांना कीड लागली असेल का? औषध घालू का?

प्रतिसाद १
ताई, आधी शेवाळ मारायचं औषध टाका. पाणी स्वच्छ झालं की मासेही ठीक होतील.

प्रतिसाद २
कृपा करून ते औषध टाकू नका! एवढं हिरवं पाणी एकदम मारलं तर मेलेलं शेवाळ कुजायला लागेल आणि त्याला लागणारा ऑक्सिजन त्याच पाण्यातून जाईल. दोन दिवसांत सगळे मासे जातील. माझ्याकडे हे एकदा घडलंय, अजून आठवलं की पोटात कालवतं.

ताई, तुमच्याच मजकुरात उत्तर आहे. त्रास फक्त पहाटे होतो आणि ऊन आलं की थांबतो. कीड वेळ बघून त्रास देत नाही. शेवाळ आणि वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात, पण अंधार पडला की त्या, मासे आणि तळाचा गाळ, सगळेच तो ओढतात. सर्वांत कमी ऑक्सिजन सूर्योदयाच्या थोडा आधी असतो. तुमचं संध्याकाळचं माप म्हणजे दिवसातलं सगळ्यात चांगलं माप. साधारण २८ अंशांच्या पाण्यात निसर्गतः जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. तुमचा १० आला तो शेवाळामुळेच, आणि तोच रात्री झपाट्याने उतरतो. उद्या पहाटे साडेपाचला मोजा.

शिवाय नेमक्या त्याच नऊ तासांत तुमचा पंप बंद असतो.

धागाकर्ती
मोजलं. २.८. हात थरथरत होते म्हणून पुन्हा एकदा मोजलं, तेवढंच आलं.

प्रतिसाद २
माशांसाठी पहाटेही ५ च्या वर हवा, ६ असेल तर उत्तम. आज रात्रीपासून पंप अजिबात बंद करू नका. फिल्टरच्या स्पंजमध्ये माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. पाणी थांबलं की ते गुदमरतात, आणि सकाळी पंप सुरू होताच आत साठलेलं घाण पाणी तळ्यात ढकललं जातं. तुमचा अमोनिया किती येतो?

धागाकर्ती
०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मध्ये.

प्रतिसाद ३
ते शून्य यायला हवं. दोन-तीन दिवस खाणं बंद ठेवा, मासे उपाशी राहू शकतात. रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदला, पण नळाचं पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय टाकू नका. स्पंज धुवायचा तर तळ्यातल्याच पाण्यात पिळा, नळाखाली धुतलात तर जिवाणू मरतील.

आवाजाचं म्हणाल, तर पंपाच्या जोडीला डायफ्रॅमचा एअर पंप (पाण्यात हवा सोडणारा) घ्या. जाड रबरी चटईवर किंवा दोरीने टांगून ठेवलात की घरात आवाज येत नाही. तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत झडप बसवा. वीज गेली की पाणी उलटं पंपात शिरतं. एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) ६०-७० सेंटीमीटर खोल ठेवा. बुडबुड्यांतून थेट फारसा ऑक्सिजन मिळत नाही. खालचं पाणी वर येऊन हवेला भिडतं, तिथे तो मिळतो. म्हणूनच लिलीची निम्मी पानं काढा, पृष्ठभाग मोकळा हवा. आणि वीजजोडणीला आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आहे ना, ते नक्की बघा.

धागाकर्ती (पाच दिवसांनी)
सगळं केलं. आई म्हणाली, मासे जगत असतील तर आवाज चालेल. काल पहाटे ५.६ आला आणि एकही मासा वर नव्हता. मी तिथे बराच वेळ उभी होते.

एकच शंका उरली. पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) पहाटे ७.४ आणि संध्याकाळी ८.८ येतो. हे चालेल का?

प्रतिसाद २
वाचून फार बरं वाटलं! हा चढउतारही शेवाळाचाच: दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचतं आणि पीएच चढतो. काळजी यासाठी, की पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. म्हणून अमोनिया दुपारी उशिरा मोजा, आणि शून्य येईपर्यंत पाणी बदलणं थांबवू नका. केएच (पीएच स्थिर ठेवणारी पाण्यातली कार्बोनेट क्षारता) तपासा. कमी असेल तर ठेचलेले शिंपले जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा, ते हळूहळू विरघळून पीएच सांभाळतात.

आणि ६ कोई या तळ्याला जास्त आहेत. वाढले की एकेकाला निदान हजार लिटर तरी हवं. दोन-तीन कुणा मोठ्या तळेवाल्यांकडे द्यायचा विचार आत्ताच करा, उन्हाळा चढायच्या आधी.