नोकरीचं कव्हर नाही, हेल्थ इन्शुरन्स काय बघून घ्यावा? सल्ला हवाय

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी, मी राजीनामा दिलाय, नोटीस पिरियडचे १९ दिवस उरलेत, नवरा आधीपासून फ्रीलान्सर, म्हणजे पुढच्या महिन्यापासून घरात कुणालाच कंपनीचं कव्हर नाही. आम्ही दोघं ४१ आणि ३८, मुलगा ९ वर्षांचा, सासूबाई ६६, त्यांना बीपी आणि शुगर. चार दिवस रोज रात्री प्रीमियमचे आकडे बघतेय आणि शेवटी सगळ्यात स्वस्त आहे तेच घेऊन टाकावं असं वाटायला लागलंय. त्यात एक एजंट म्हणाला, सासूबाईंचं बीपी फॉर्मवर लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल. मला ते पटत नाहीये. इथे वेगवेगळ्या देशांतले लोक आहेत म्हणून कंपन्यांची नावं नकोत, फक्त काय तपासायचं ते सांगा.

प्रतिसाद १:
ताई, एजंटचं अजिबात ऐकू नका. क्लेम आला की कंपनी जुनी फाईल मागते आणि डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहितात की अमुक वर्षांपासून बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तिथेच सगळं उघडं पडतं, मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. फॉर्म स्वतः भरा, गोळ्यांची नावं लिहा, भरलेल्या फॉर्मची कॉपी जपून ठेवा. आणि सासूबाईंना तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या मिळून एकाच पॉलिसीत, घेऊ नका. फ्लोटरचा प्रीमियम बहुतेक ठिकाणी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, शिवाय कव्हर सगळ्यांत मिळून एकच असतं, एका मोठ्या आजारपणात ते संपलं तर उरलेल्या वर्षात मुलासाठी काय राहणार? तुम्हा तिघांचा फ्लोटर आणि त्यांची वेगळी पॉलिसी, हे मला जास्त बरं वाटतं.

प्रतिसाद २:
मी रूम रेंटबद्दल लिहिते कारण आम्ही त्यात पोळलोय. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा पॉलिसीत बसणाऱ्या रूम भरलेल्या होत्या म्हणून दुप्पट भाड्याची घेतली, वाटलं फरक आपण भरू, कितीसा असणार. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कागद हातात आला तर त्यात सर्जनची फी निम्मी, ओटीचा चार्ज निम्मा, नर्सिंग निम्मं, औषधं सोडून जवळपास सगळं अर्ध्यावर आणलेलं! याला प्रमाणात कपात म्हणतात. लिमिटच्या दुप्पट भाड्याची रूम घेतली की बाकीचे चार्जेसही त्याच हिशोबाने कापतात. आई शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि मी एफडी मोडायला फोन करत होते. म्हणून ताई, कव्हरचा मोठा आकडा बघून भुलू नका, पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडून 'रूम रेंट' शोधा, मग 'को-पे' शोधा. २० टक्के को-पे असेल तर प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा तुमचाच, कव्हर कितीही असू दे.

प्रतिसाद ३:
दोघांनाही अनुमोदन. मला तुमच्या १९ दिवसांची जास्त काळजी वाटते. मधे एक दिवसही विनाकव्हर राहू नका, आणि नोकरी असतानाच एचआरला विचारा की ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आणि आधीची वर्षं वेटिंग पिरियडमध्ये (जुन्या आजाराचा क्लेम मिळायच्या आधी थांबावी लागणारी वर्षं) धरली जातात का. जुन्या आजारांचे नियम देशागणिक फार वेगळे आहेत. अमेरिकेत २०१४ पासून मार्केटप्लेसच्या (सरकारी विमा बाजाराच्या) प्लॅनमध्ये जुन्या आजारासाठी नकार देता येत नाही, पण नोकरीचं कव्हर गेल्यापासून ६० दिवसांत प्लॅन निवडावा लागतो, नाहीतर पुढच्या नोंदणीची वाट बघत बसा. भारतात एप्रिल २०२४ पासून जुन्या आजाराचा वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतो. तेव्हा तुमच्या देशाचा नियम आधी बघा, प्रीमियम नंतर.

धागाकर्ती:
खूप आभार. आत्ता दोन पीडीएफ उघडून बसले, जी सगळ्यात स्वस्त वाटत होती तिच्यात रूम रेंटला लिमिट आहे आणि ६० च्या वरच्यांना २० टक्के को-पे. ती बाद. एचआरला मेल टाकलाय. एक शेवटचा प्रश्न, प्रीमियम कमी करायला डिडक्टिबल घ्यावं का?

प्रतिसाद १:
डिडक्टिबल म्हणजे तेवढी रक्कम आधी तुम्ही भरायची, त्यावरचं कंपनी. तेवढे पैसे आजच्या आज वेगळे काढून ठेवता येत असतील तरच घ्या, तुम्हा दोघांचं उत्पन्न दर महिन्याला सारखं येणार नाही हे धरून. सासूबाईंच्या पॉलिसीत मात्र नको, त्यांना दवाखान्याचं काम जास्त पडणार. आणि पॉलिसी हातात आली की पॉलिसी परत करायची मुदत किती दिवस आहे ते बघून त्या दिवसांत सगळी वाचून काढा, जन्मतारखा आणि सासूबाईंचे दोन्ही आजार त्यात बरोबर छापलेत ना, ते आधी तपासा.