१९६६ ची मस्टँग: पुढे डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शनचं काम, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ घन इंचाचं व्ही-८ इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा भाग) नाही. इंजिन ठणठणीत आहे. ब्रेकचं मात्र आता मनावर घ्यायलाच हवं. लांब उतारावर लागोपाठ ब्रेक लावले की ड्रम तापतात, मग कितीही जोर लावा, गाडी लवकर थांबत नाही. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की एका बाजूला ओढते ते वेगळंच.

सगळ्यात जास्त धास्ती आहे ती मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाची. जुना सिंगल सर्किटचा आहे, म्हणजे कुठलाही एक होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. फोर्डने १९६७ पासून मस्टँगला ड्युअल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकना वेगवेगळं सर्किट देणारा मास्टर सिलिंडर दिला. बाकी काही झालं नाही तरी तो मी बसवणारच. ज्यांना गाडी अगदी कंपनीतून आली तशीच ठेवायची आहे त्यांचा मला आदर आहे, पण या एका बाबतीत माझं मत ठाम आहे.

पुढे डिस्क टाकायच्या, मागे ड्रमच ठेवायचे. १९६५-६६ मध्ये व्ही-८ गाड्यांना केल्सी-हेजच्या चार पिस्टनच्या डिस्क पर्याय म्हणून मिळत होत्या, त्यामुळे तशा धाटणीचं किट गाडीला शोभेल. एक पिस्टनचा नवा कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) घेतला तर पॅड आणि सील सहज मिळतात. माझ्या १४ इंची रिम ड्रमवाल्या गाडीच्या आहेत. त्यांच्या आत यातला कोणता कॅलिपर न घासता बसतो? रिम बदलायची इच्छा नाही.

दुसरा प्रश्न प्रेशरचा. ड्रमचे बूट फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळले जातात, डिस्कला ती मदत नसते, म्हणून तिला प्रेशर जास्त लागतं. बूस्टर टाळून लहान बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर घ्यावा असं वाटतंय. बोअर लहान केला की तेवढ्याच जोरात प्रेशर वाढतं, पण पेडल जास्त खाली जातं. ७/८, १५/१६ की १ इंच? ज्यांनी बूस्टरशिवाय रोज गाडी चालवली आहे त्यांचा अनुभव हवा. शिवाय ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड घासत राहणार, म्हणून पुढच्या लाइनला तो नको, बरोबर ना? मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून तिकडे प्रेशर कमी करणारा ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावणार आहे. सुरुवातीला तो किती उघडा ठेवता?

सस्पेन्शनसाठी बॉडी कापायची नाही. शॉक टॉवर (शॉक अब्सॉर्बर वरून धरणारा बॉडीचा भाग) कापून वेगळीच पुढची बाजू बसवणारी किट मिळतात, ती मला नकोत. वरच्या आर्मचा पिव्हट १ इंच खाली घ्यायचा विचार आहे. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० वर हे केलेलं होतं. वळणावर चाकाचा कँबर (आत-बाहेरचा कल) सुधारतो आणि प्रत्येक बाजूला फक्त दोन नवी भोकं पाडावी लागतात. सोबत नवे बॉल जॉइंट आणि गॅसचे शॉक अब्सॉर्बर.

अडलंय ते स्ट्रट रॉडच्या (चाकाच्या खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) बुशवर. पॉलियुरेथेन टिकतं, पण रॉड वर-खाली हलतो त्याला ते फारसं वाकू देत नाही, आणि आट्यांपाशी रॉड तुटल्याचं वाचलंय. चाक धरून ठेवणारा भाग असा तुटणं मला परवडणारं नाही. साधं रबर ठेवू की बॉल जॉइंटवाला रॉड घेऊ? मागचे पाटे सध्या बरे आहेत, तिथे नुसते बुश बदलतोय.

अलाइनमेंटचे जुने आकडे बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी होते. आताच्या रेडियल टायरवर कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) दोन-तीन अंश पॉझिटिव्ह आणि कँबर अर्धा अंश निगेटिव्ह ठेवायचं म्हणतोय. पॉवर स्टिअरिंग नाही, गाडी लावताना स्टिअरिंग फार जड होईल का?

ब्रेकचं सामान आधी मागवायचंय, तेव्हा रिम आणि मास्टर सिलिंडरबद्दल आधी सांगितलंत तर फार उपकार होतील. बसवलेल्या कॅलिपरचा रिमसकट फोटो कुणाकडे असेल तर नक्की टाका.