बी विंगची कावीळ आणि खालची टाकी (सोसायटी ग्रुप, शनिवार १९ जुलै)

स्नेहा बी-५०२: नमस्कार. बी विंगमध्ये तिसरी कावीळ. ३०१, ६०४ आणि काल रात्री ५०३. तिघंही शाळा-कॉलेजातली मुलं. कमिटीतलं कुणी बोलणार आहे का, की वार्षिक सभेची वाट बघायची?

पाटील (सेक्रेटरी): सुप्रभात. टाकीचं पाणी १२ तारखेलाच तपासून घेतलं आहे. रिपोर्ट क्लिअर आहे, कालच ग्रुपवर टाकला. कृपया घबराट पसरवू नये 🙏

डॉ. मेघा बी-६०३: पाटील साहेब, रिपोर्ट जुलैच्या पाण्याचा आहे आणि कावीळ जूनच्या पाण्याची. हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. आजपासून २८ दिवस मागे जा, २१ जून येतो. २० जूनच्या पावसात पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, आणि त्याच आठवड्यात बी विंगमध्ये निम्म्या घरांत जुलाब-उलट्या चालू होत्या. जुलाबाचे जंतू काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत रंग दाखवतात, कावीळ महिनाभराने उगवते. घाण एकदाच आत आली असली तरी आजार असे दोन हप्त्यांत दिसतात.

साने काका ए-१०१: भूमिगत टाकी आणि ड्रेनेज चेंबर यांत अंतर किती?

जोग काकू ए-३०४: बाहेरचं खाणं बंद करा म्हणजे झालं. गेटवर तो पाणीपुरीवाला उभा असतो त्याला आधी हाकला. आमच्या ए विंगमध्ये बघा, कुणाला काही नाही.

रोहन सी-७०२: काकू, पाणीपुरी ए विंगवाले पण खातात, काल रांगेत कोण होतं ते मी सांगत नाही 😄

जोग काकू ए-३०४: ती शेवपुरी होती.

वैद्य सी-२०४ (पाणीपुरवठा, निवृत्त): जोग वहिनींनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं. फक्त बी विंगच का? खालच्या टाकीला दोन कप्पे आहेत. पूर्वेकडच्या कप्प्यातून फक्त बी विंगच्या गच्चीवर पाणी चढतं, पश्चिमेकडच्यातून ए आणि सी. महापालिकेची लाइन एकच आहे. दोष लाइनमध्ये असता तर तिन्ही विंग आजारी पडल्या असत्या. पाणीपुरीवाल्याला विंग कळत नाही.

साने काका ए-१०१: पूर्वेकडचा कप्पा आणि ड्रेनेज चेंबर यांत अंतर किती? लेखी उत्तर मिळावे.

पाटील (सेक्रेटरी): साने साहेब, बिल्डरचा नकाशा ऑफिसात आहे, येऊन बघा.

साने काका ए-१०१: ऑफिस फेब्रुवारीपासून दुपारी बंद असतं.

पूनम बी-३०१: आमचा फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकायची गरज होती का? सकाळपासून लिफ्टमध्ये लोक आमच्यापासून लांब उभे राहतायत.

स्नेहा बी-५०२: सॉरी पूनम. राग कमिटीवर होता.

डॉ. मेघा बी-६०३: लिफ्टमधून ही कावीळ पसरत नाही. शौचातून तोंडात, एवढाच तिचा रस्ता. शौचातून विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे व्हायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा साधारण एक आठवडा. म्हणजे पिवळेपणा दिसेपर्यंत बराचसा प्रसार होऊन गेलेला असतो. पिवळं दिसल्यापासून सात दिवस मुलांना शाळेत आणि पोहायला पाठवू नका. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना बहुतेकदा कावीळ दिसतच नाही, पण शौचातून विषाणू जातो. डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवा. सॅनिटायझर या विषाणूवर भरवशाचं नाही.

जोग काकू ए-३०४: मुलांना काविळीची माळ घाला. गळ्यात घातली की आपोआप लांब होत जाते, कावीळ उतरते. आमच्या गावाकडे नाकात थेंब पण घालतात.

रोहन सी-७०२: आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं 😂

डॉ. मेघा बी-६०३: माळेतल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. कावीळ नसलेल्याच्या गळ्यातही लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुण्याआधी हाताला कसली तरी साल चोळलेली असते, रंग तिचा. माळेने अपाय नाही, घाला हवी तर. नाकातले थेंब आणि अनोळखी काढे मात्र अजिबात नकोत, सुजलेल्या यकृतावर त्यांचा भार पडतो. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपण उतरते, त्याचं श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं.

जोग काकू ए-३०४: आम्ही काय अडाणी म्हणून सांगतो का. असो.

डॉ. मेघा बी-६०३: तसं नाही हो काकू 🙏 गैरसमज नको.

मोरे ए-४०३: डॉक्टर, मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे, आठवा चालू आहे. ए विंगला धोका नाही ना?

डॉ. मेघा बी-६०३: मोरे काका, तिच्यासाठी आजपासून फक्त उकळलेलं पाणी. दात घासायला आणि फळं धुवायलाही तेच. बी विंगमध्ये कुणाकडे जेवायला नको. कारण सांगते. तपासणीत आत्तापर्यंत एकाच मुलाची अँटी-एचएव्ही आयजीएम, म्हणजे हिपॅटायटिस ए ओळखायची रक्तचाचणी झाली आहे, बाकी दोघांना नुसतं बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृताच्या चाचण्या, कुठली कावीळ ते सांगत नाहीत) करून घरी पाठवलं. पाण्यातून येणारी दुसरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ई. ती गर्भवतींना शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. म्हणून उरलेल्या दोघांची एचएव्ही (ए) आणि एचईव्ही (ई), दोन्ही आयजीएम करून घ्या. पालकांना मी वेगळा मेसेज केला आहे.

साने काका ए-१०१: १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेतून शहराचं पाणी उपसायच्या जागी नाल्याचं सांडपाणी शिरलं. कावीळ झालेले २९ हजारांच्या वर. पाण्यात क्लोरीन होतं. तेव्हा पुन्हा विचारतो, अंतर किती?

डॉ. मेघा बी-६०३: काकांचं उदाहरण चपखल आहे. तिथे क्लोरीन वाढवल्यामुळे टायफॉइड वाढला नाही, पण कावीळ पसरली. पुढे साठवलेले रक्तनमुने तपासले तेव्हा ती हिपॅटायटिस ए नव्हती असं कळलं, आज तिला ई म्हणतात. विषाणू क्लोरीनला जिवाणूंइतकी दाद देत नाहीत, आणि गढूळ पाण्यात तर आणखीच कमी. पाटील साहेब, तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त ई-कोलाय हा शौचातला जिवाणू बघितला आहे. १०० मिलीमध्ये शून्य आला, चांगलं झालं. त्याने विषाणू नव्हता असं सिद्ध होत नाही.

पाटील (सेक्रेटरी): म्हणजे तपासलं तरी चूक, न तपासलं तरी चूक. सेक्रेटरीपद कुणाला हवं असेल तर सांगा, आज राजीनामा देतो.

वैद्य सी-२०४: पाटील, राजीनामा नको, नमुना कसा घेतला ते सांगा.

पाटील (सेक्रेटरी): वॉचमनने बिसलेरीच्या बाटलीत भरून दिला.

वैद्य सी-२०४: तिथेच रिपोर्ट संपला. बाटली प्रयोगशाळेची निर्जंतुक लागते, तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं. ते नसेल तर पाण्यातलं क्लोरीन रस्ताभर जंतू मारत राहतं आणि पाणी होतं त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. नळाचं तोंड ज्योतीने तापवायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग भरायचं. बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. नमुना टाकीतूनही घ्या आणि सगळ्यात लांबच्या नळाचाही घ्या.

सुप्रिया सी-१०३: उद्याच्या ऑर्डरसाठी उकडीचे मोदक, पुरणपोळी. आज संध्याकाळी ६ पर्यंत सांगा 🌸

रोहन सी-७०२: टायमिंग 😂

चेतन बी-२०२: आपल्याकडे सगळ्यांच्या घरी आरओ आहे. मग कावीळ आलीच कशी? आरओवाले फसवतात का?

वैद्य सी-२०४: पडदा शाबूत असेल तर आरओ विषाणू अडवतो. पण तुम्ही तोंड कुठल्या पाण्याने धुता? कोथिंबीर, काकडी, ताटं, बाळाची दुधाची बाटली? सगळं सिंकच्या नळावर. शिवाय आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे त्याची साठवणीची टाकी आणि नळी मळली तर राखण करायला काहीच नसतं.

डॉ. मेघा बी-६०३: तूर्त बी विंगने पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि दात घासायचं पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, २० मिनिटं गॅस जाळू नका. झाकण ठेवूनच गार करा आणि त्याच भांड्यातून ओतून घ्या, आत पेला बुडवू नका.

जोग काकू ए-३०४: कामवाल्या बायकाच चार घरं फिरतात. त्यांना आठवडाभर सुट्टी द्यावी असं माझं मत.

पूनम बी-३०१: काकू, पाणी आपल्या टाकीतलं आणि दोष मावशींचा? त्या तर आपलंच पाणी पितात. त्यांच्या मुलांना काय होतंय ते कुणी विचारलं का?

स्नेहा बी-५०२: 👏

जोग काकू ए-३०४: मी मत मांडलं. लोकशाही आहे.

वैद्य सी-२०४: आता टाकी. सकाळी झाकण काढून बघितलं. तीन गोष्टी. एक, पूर्वेकडचं झाकण पार्किंगच्या फरशीच्या पातळीत आहे. फरशीपासून वर कठडा हवा, नाहीतर साचलेलं पाणी सरळ आत. दोन, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही आणि त्याचं तोंड चेंबरकडे आहे. तीन, साने साहेब, अंतर सव्वा मीटर.

साने काका ए-१०१: धन्यवाद. हा प्रश्न मी २०२२ साली विचारला होता.

वैद्य सी-२०४: पण नुसत्या अंतराने काही ठरत नाही, पातळी बघा. पावसात चेंबर तुंबला की त्यातलं पाणी टाकीच्या पाण्यापेक्षा वर चढतं. भोवतीची माती भिजलेली असते आणि टाकी पहाटे अर्धी रिकामी असते. घाण भिंतीतून नाही, पाइप जिथे भिंतीतून आत जातो त्या स्लीव्हभोवतीच्या फटीतून झिरपते. पूर्वेच्या कप्प्यात पंपाच्या पाइपाशी तपकिरी ओघळ आहे, फोटो टाकतो.

चेतन बी-२०२: मग आजच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मोकळे होऊ ना. पाच किलो आणतो.

वैद्य सी-२०४: थांबा. तळाला चार बोटं गाळ आहे. गाळात टीसीएल टाकलं तर क्लोरीन गाळच खाऊन टाकतो, पाण्याला काही उरत नाही. आधी टाकी रिकामी, गाळ बाहेर, भिंती-तळ ब्रशने घासायचे. मग धुण्याचं द्रावण: १०० लिटर पाण्यात ७० ग्रॅम ताजं टीसीएल, म्हणजे लिटरला साधारण २०० मिलीग्रॅम क्लोरीन. भिंतींना मारून अर्धा तास ठेवा, मग धुऊन काढा. उघडं पडलेलं पोतं नको, क्लोरीन उडून नुसता चुना राहतो. पावडर कोरडी कधीच टाकायची नाही. बादलीत लगदा करा, पाणी घाला, गाळ बसू द्या, वरचं निवळ तेवढं वापरा.

डॉ. मेघा बी-६०३: आणि टीसीएलसोबत बाथरूमचं अ‍ॅसिड मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद टाकीत माणूस जागीच जाईल.

वैद्य सी-२०४: अगदी बरोबर. दोन्ही झाकणं तासभर आधी उघडी, पंखा लावून हवा आत, पंपाची वीज बंद, आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं. डिझेल पंप टाकीत किंवा तोंडाशी लावायचा नाही. गच्चीवरची बी विंगची टाकी १०,००० लिटरची आहे. तिची घासणी झाली की भरून तिच्यात सुमारे ३३० ग्रॅम टीसीएल, लिटरला १० मिलीग्रॅम. सगळ्या फ्लॅटनी नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, मग बंद. पाइपांसकट २४ तास तसंच ठेवून ओतून द्यायचं, झाडांना नाही.

चेतन बी-२०२: २४ तास नळ बंद? आमच्याकडे पाहुणे आहेत!

खजिनदार जाधव: टँकर आणि कामगारांचा खर्च कोण देणार? ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे त्यांनी या ग्रुपवर सल्ले देऊ नयेत. नावं घेत नाही.

चेतन बी-२०२: घ्या ना नावं. मार्चमध्ये पार्किंगला एपॉक्सी रंग मारला, तेव्हा टाकीच्या स्लीव्हला पैसे नव्हते?

पाटील (सेक्रेटरी): रंग सभेत ठरावाने मंजूर झाला होता.

साने काका ए-१०१: टाकीच्या वॉटरप्रूफिंगचाही ठराव मंजूर झाला होता. सप्टेंबर २०२३. मिनिट्स पान ४.

खजिनदार जाधव: 🙏

मोरे ए-४०३: डॉक्टर, आजारी मुलांना खायला काय द्यायचं? मीठ-तेल बंद म्हणतात.

डॉ. मेघा बी-६०३: बंद काही नाही. नुसत्या उसाच्या रसावर आणि चण्यावर मुलं अशक्त होतात, आणि गाड्यावरच्या रसातला बर्फ नवीन संकट. मळमळ सकाळी कमी असते, तेव्हा पोटभर द्या. वरण-भात, दही, अंडं, सगळं चालतं. दारू अजिबात नाही. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताबडतोब दवाखाना कधी: उलट्या थांबत नाहीत, मूल दिवसा झोपाळू किंवा चिडचिडं होऊन विसंगत बोलतं, हिरड्यांतून रक्त, किंवा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) वाढलेला. बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा हा आयएनआर महत्त्वाचा.

डॉ. मेघा बी-६०३: आणि लस. घरात आजार असेल तर संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत घेतलेली हिपॅटायटिस ए ची लस भावंडांना वाचवू शकते. निष्क्रिय विषाणूची लस दोन डोसची, सहा महिन्यांच्या अंतराने. जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची एकच. वर्षाच्या वरच्या मुलांना. आपल्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी न कळत होऊन गेलेली असते. आताच्या मुलांना पहिला विषाणू पंधराव्या-विसाव्या वर्षी भेटतो, आणि वय वाढलं की आजार जड जातो.

जोग काकू ए-३०४: आणि जुलाबांना?

डॉ. मेघा बी-६०३: ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये नाही, प्रमाण हुकतं. घरी करायचं तर १ लिटरला ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दोन्हीला लहान चमचा. २४ तासांनी ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने. मुलांना सोबत झिंक, सहा महिन्यांवर रोज २० मिलीग्रॅम १४ दिवस. जुलाब थांबवायची गोळी मुलांना कधीच नाही.

रोहन सी-७०२: आणि गणपतीचा महाप्रसाद? आचारी कोण, पाणी कुठलं?

स्नेहा बी-५०२: रोहन, पहिल्यांदा कामाचं बोललास.

वैद्य सी-२०४: त्याच्या आदल्या आठवड्यात नळाच्या पाण्याचं क्लोरीन बघू. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं) थेंब टाकून १० सेकंदांत रंग वाचायचा, उशिरा वाचला तर आकडा फुगतो. लांबच्या नळाला लिटरला ०.२ मिलीग्रॅम तरी हवं. ते टिकलं आणि दोन नमुने शुद्ध आले तरच स्वयंपाक नळाच्या पाण्यात, नाहीतर उकळून.

पाटील (सेक्रेटरी): ठीक आहे. उद्या, रविवारी सकाळी ६ ला पूर्वेचा कप्पा रिकामा. रात्रभर कोरडा ठेवून सोमवारी सकाळी ओल कुठून येते ते वैद्य साहेब बघतील. चेंबरमध्ये रंग टाकून चाचणीही घेऊ. स्लीव्ह बुजवल्यावरच घासणी आणि टीसीएल. तोवर बी विंगला टँकर, त्याचंही क्लोरीन तपासून. जाधव, चेक तयार ठेवा.

खजिनदार जाधव: तीन कोटेशनशिवाय चेक निघत नाही.

साने काका ए-१०१: २०२३ ची तीन कोटेशन माझ्याकडे आहेत. स्कॅन करून टाकतो.

चेतन बी-२०२: मग आज रात्री सगळ्या बादल्या, पिंपं भरून ठेवतो. उद्या पंचाईत नको.

स्नेहा बी-५०२: चेतन, हेच पाणी??

वैद्य सी-२०४: संडासासाठी भरा. पिंपावर 'पिण्याचे नाही' असं लिहून ठेवा.