सीबीएस दिसत नाही, आणि तो कॅच का नाही दिला?

सुजाता (नेपरव्हिल):
मंडळी, नमस्कार.
केबल बंद करून आम्ही खिडकीला तो कागदासारखा चपटा अँटेना चिकटवलाय. फॉक्स, एनबीसी ही चॅनेल्स झकास. सीबीएस मात्र रुसलेलं. रविवारी अमेरिकन फुटबॉलची मॅच ऐन रंगात, रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूने, साइडलाइनवर बॉल झेलला आणि चित्राचे नुसते चौकोन! परत आलं तेव्हा रेफरी कॅच नाही म्हणून हात आडवे हलवत होता. घरात अजून वाद चालू आहे. स्ट्रीमिंग सुचवू नका. शेजाऱ्यांचा आरडाओरडा आधी पोचतो, बॉल मागाहून.

मोहनकाका (शॉमबर्ग):
सुजाता, अँटेना बिघडलेला नाही. जून २००९ मध्ये मोठ्या स्टेशनांचं प्रक्षेपण डिजिटल झालं. शिकागोतली बाकीची मोठी चॅनेल्स आज यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात आहेत. सीबीएस पडद्यावर २ दाखवतं, पण प्रत्यक्षात येतं १२ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्यात. ती लहर जवळजवळ दीड मीटर लांब, आणि तुझा चपटा तुकडा मुख्यतः यूएचएफपुरता. जुने दोन दांड्यांचे रॅबिट इअर्स आण. प्रत्येक दांडी १४ इंच ओढ, आणि उभी न ठेवता आडवी पसर. पूर्वेकडची खिडकी धर, सीबीएसचं प्रक्षेपण जिथून होतं तो विलिस टॉवर त्याच अंगाला आहे. मग रीस्कॅन, म्हणजे टीव्हीला चॅनेल्स पुन्हा शोधायला लाव. जवळचे एलईडी दिवेही एकदा बंद करून बघ. स्वस्तातले असले तर व्हीएचएफमध्ये फार खरखर घालतात. सिग्नल वाढवणारा बूस्टर एवढ्यात घेऊ नकोस, तो खरखरही वाढवतो. अ‍ॅनालॉगच्या काळी मुंग्यांतूनसुद्धा मॅच कळायची. आता सिग्नल जरा घसरला की सगळंच गायब.

ओंकार (शिकागो):
काकू, कॅचचं मी सांगतो. रिप्ले पाहिला. डावा पाय आत पडला, उजवा पांढऱ्या रेषेवर, आणि रेषा म्हणजे बाहेर. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, दोन्ही पाय आत लागतात. कॉलेजात एकावर भागतं. गुडघा किंवा कोपर आत टेकलं तरी चालतं, पण हा उभाच होता. त्यामुळे बॉल घट्ट धरला असूनही पास इन्कम्प्लीट, म्हणजे कॅच नाही. रेफरी बरोबर.
खरा अन्याय १२ सप्टेंबर २०१० ला आपल्या शिकागो बेअर्सच्या सोल्जर फील्ड मैदानावर झाला. शेवटचं मिनिट, डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुणपट्टीत, बॉल घेतला, दोन्ही पाय टेकले, खाली आला आणि जमिनीला लागून बॉल हातातून सुटला. टचडाउनचे गुण रद्द, बेअर्स १९-१४ ने जिंकले. फायदा आपला झाला म्हणून इथे कुणी बोलत नाही, पण माझ्या मते तो कॅच होता. पडल्यावरही बॉल सांभाळायची ती वेगळी अट २०१८ मध्ये काढली. आता ताबा, दोन पाय आणि त्यानंतर तिसरं पाऊल किंवा बॉल पुढे करण्यासारखी एखादी हालचाल, किंवा तेवढा वेळ, एवढं पुरतं.

सुजाता:
ओंकार, तुझी मेल ह्यांना वाचून दाखवली. म्हणतात, पाय रेषेला लागलाच नव्हता, वरच्या वर होता! चित्र फुटलेलं असताना ह्यांना बरं दिसलं.
काका, दुकानात जायच्या आधी विचारते: कुणाच्या बेसमेंटमध्ये जुने रॅबिट इअर्स पडून आहेत का? शनिवारी येऊन घेऊन जाईन.