जुने लेख टाकू नका, पण आहेत तसेही नकोत

नागपूरच्या जगण्यावरचं बंद पडलेलं ललितलेखन नव्या ढंगात सुरू करायचं तर जुने लेख रद्द करायचे का, हा मूळ प्रश्न. रद्द नको. ते कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणा. कृतिदेवच्या फाइलीत खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट तेवढा देवनागरी दाखवतो. कन्व्हर्टर वापरलात तरी पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. कृतिदेवात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर; युनिकोडमध्ये नेमकं उलट, म्हणून घोळ तिथेच होतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्दही शोधा. तिथे ऱ हवा, साधा र पडला की 'दुसर्या' उमटतं.

मग शैली. पहिला परिच्छेद झाकून लेख दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिला उडवा. बहुतेकदा अडत नाही! 'नागपूरचं ऊन कडक' यापेक्षा कूलरला नवी खस बसवणारा माणूस दाखवा.

कुणी पूर्ण वऱ्हाडीत लिहा म्हणेल, ते मला पटत नाही. निवेदन प्रमाण ठेवा, संवाद नागपुरी. 'काय करून राहिला बे?' हे बरोबरीच्या दोस्ताला; वडीलधाऱ्याला 'काय करून राहिले जी?' प्रत्येक वाक्यात 'बे' कोंबला की पात्राचं सोंग होतं.

आणि चार लेख पूर्ण तयार झाल्याशिवाय 'दर रविवारी' असं जाहीर करू नका. तिसऱ्या रविवारीच गाडी अडते.