मानांकनाने मुख्याध्यापक 'आपोआप' घडतात?

खडूफळा: "मुख्याध्यापक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना नॅकसारखं मानांकन द्या, दर्जा आपोआप सुधारेल," असं या गटावरच्या कालच्या पोस्टमध्ये वाचलं. (नॅक म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांना मानांकन देणारी संस्था.) ते 'आपोआप' डोक्यात गेलं. मानांकन समिती बघते ते कागद: हजेरीपट, अभिप्राय, फोटो. प्रशिक्षणार्थीला वर्गात मागे बसून तास बघता येतो का, नंतर त्या शिक्षकाशी काय बोलायचं ते कळतं का, हे कोण तपासतं? मानांकन द्यायचंच तर ३५ मिनिटांच्या एकाच तासाचं चित्रीकरण सगळ्या प्रशिक्षणार्थींना दाखवा, त्यांची निरीक्षणं दोन परीक्षकांकडून वेगवेगळी तपासून घ्या. गुणांत मोठी तफावत आली, तर संस्थेचे निकषच कच्चे.

सातवा तास: मग निकष सुधारा, मानांकनावर राग कशाला? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०१० च्या कायद्याने मुख्याध्यापक घडवणाऱ्या सगळ्या अभ्यासक्रमांना नव्याने मान्यता घ्यायला लावली. अटी: शाळांशी करार, निवडून प्रवेश, प्रत्यक्ष शाळेत काम शिकत उमेदवारी. आपल्याकडे 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर व्हिडिओ संपला, प्रश्नमंजूषा सोडवली की प्रमाणपत्र. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हणतं. तास भरतात, शाळा तशीच.

पटसंख्या: प्रशिक्षण द्यायचं कोणाला ते आधी बोला. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तरच मुख्याध्यापक. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडे नुसता प्रभार. वर्ग सांभाळून तोच यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो: मुलामागे १०० ग्रॅम. साठा नोंदवही जुळली नाही तर जाब त्यालाच. हा दुसऱ्याचा तास बघणार कधी?

सातवा तास: विषय मानांकनाचा आहे. प्रत्येक धाग्यात तांदूळ आणू नका!

पटसंख्या: आणणारच. तुमच्या उमेदवारीसाठी तो समजा चार आठवडे बाहेर गेला, की पाचही इयत्ता एका शिक्षकाच्या गळ्यात. बदली शिक्षक न देता ही अट घातलीत, तर मोठ्या शाळांचेच लोक प्रशिक्षणाला येतील. वाडीवरची शाळा कायमची बाहेर.

खडूफळा: हे खरंय, माझ्या सूचनेतही ते सुटत नाही. बदली शिक्षकाची तरतूद हीच मान्यतेची पहिली अट हवी. पण सातवा तास, तपासणार कोण? फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना सीबीआयने लाचप्रकरणी अटक केली.

सातवा तास: म्हणून तपासणीच सोडायची? परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले घ्या, चिठ्ठी टाकून नेमा, नावं आदल्या दिवशीपर्यंत संस्थेला कळू देऊ नका. चित्रीकरणाची तुमची कल्पना घेतो, बदली शिक्षकाची अटही घेतो. मान्यता काढून घेण्याचा अधिकार मात्र हवाच.