मदत हवी आहे: पूहोल्स दोन हजार आरबीआय गाठणारा तिसरा की पाचवा?

मिहीर_मिशिगन: मंडळाच्या दिवाळी अंकातील बेसबॉलवरच्या लेखासोबत एक तक्ता द्यायचा आहे आणि अंक आज रात्रीच छपाईला जाणार आहे. एका ठिकाणी अल्बर्ट पूहोल्स अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये दोन हजार आरबीआय गाठणारा तिसरा खेळाडू ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी पाचवा. कोणते छापावे, ते कृपया लवकर सांगावे.

पागोळी: ही दोन ठिकाणे कोणती? जास्तीचे दोघे कोण आहेत? हे कळल्याशिवाय उत्तर कसे देणार?

शंतनू_क: फलंदाजाच्या खेळामुळे आलेली धाव त्याच्या नावे लागते, तिला आरबीआय म्हणतात. तिन्ही बेसवर (धाव पुरी करण्याआधीच्या थांब्यांवर) खेळाडू असताना वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिला बेस, मिळाला तरी एक आरबीआय मिळतो. जमिनीलगतच्या फटक्यावर डबल प्ले झाला, म्हणजे एकदम दोघे बाद झाले, तर मात्र धाव येऊनही मिळत नाही.

मिहीर_मिशिगन: आरबीआय म्हणजे काय, हे मी विचारलेले नाही. जास्तीचे दोघे म्हणजे बेब रूथ (२,२१४) आणि कॅप अ‍ॅन्सन (२,०७५). हँक एरन (२,२९७) आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ (२,०८६) दोन्हीकडे आहेत.

जुना_स्कोअरर: मग उलगडा सोपा आहे. आरबीआय ही अधिकृत नोंद १९२० पासून ठेवली जाऊ लागली. त्याआधीचे आकडे संशोधकांनी जुन्या सामन्यांच्या वृत्तांतांवरून मागाहून जुळवले असून काही याद्या ते स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. अ‍ॅन्सन १८९७ मध्येच निवृत्त झाला होता, त्यामुळे तो दुसऱ्या प्रकारच्या यादीत येऊच शकत नाही.

सदाशिव_टोकियो: जपानच्या सादाहारू ओहचे २,१७० आरबीआय आहेत, त्याला तक्त्यात जरूर घ्यावे.

वैशाली_ग: मुळात हा तक्ताच देऊ नये. पुढचे फलंदाज बेसवर पोहोचले, तरच मागच्याला धावा मिळवून देण्याची संधी मिळते. त्याचे श्रेय एकट्याला देणे मला अन्यायाचे वाटते.

जुना_स्कोअरर: वैशालीताई, संधी मिळणे वेगळे आणि हँक एरनसारखे १९५४ ते १९७६ असे २३ हंगाम ती साधणे वेगळे. शिवाय पूहोल्सचा दोन हजारावा आरबीआय, ९ मे २०१९ रोजी डेट्रॉइटमध्ये, सोलो होम रनवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच धावेवर, आला. तेव्हा बेसवर कोणीही नव्हते.

वैशाली_ग: एका फटक्यावरून संपूर्ण कारकिर्दीचे माप ठरत नाही. आणि १९२० नंतरच्या नोंदी तरी कोठे निर्दोष आहेत? शिकागो कब्ज संघाच्या हॅक विल्सनचे १९३० च्या हंगामातले १९० आरबीआय १९९९ मध्ये १९१ करण्यात आले, कारण त्याचा एक आरबीआय संघातील सहकारी चार्ली ग्रिमच्या नावे लागला होता.

मिहीर_मिशिगन: अ‍ॅन्सनचे समजले. पण रूथ तर १९३५ पर्यंत खेळला. तो का गळतो?

जुना_स्कोअरर: कारण तो १९१४ पासून खेळत होता. सुरुवातीच्या सहा हंगामांतले आरबीआय वगळले की तो दोन हजारांच्या खाली येतो. तक्त्याच्या शीर्षकात 'अधिकृत नोंदी, १९२० पासून' असे स्पष्ट लिहून 'तिसरा' छापावे. रूथ आणि अ‍ॅन्सन यांचे पूर्ण आकडे तळटीपेत द्यावेत.